खुंट्या बरोबर होत्या

वसुनिया सरांना कुठल्याही नव्या जागी नेऊन उभं करा, ते आधी पिशवीतून पाण्याची बाटली काढणार, दोन घोट पिणार आणि थोडं पाणी जमिनीवर ओतणार. मग कमरेवर हात ठेवून ते पाणी कुठे जातं ते बघत राहणार. आमच्या कॉलेजच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. प्राचार्यांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, पेढे फिरले, आणि हे व्हरांड्याच्या कोपऱ्यात बाटली तिरपी करून उभे. पाणी निघालं ते नालीकडे न जाता थेट प्राचार्यांच्या केबिनकडे. त्या वर्षीच्या पावसाळ्यात केबिनमध्ये घोट्याएवढं पाणी साचलं आणि शिपायांनी फायली खुर्च्यांवर चढवल्या. लेव्हल मशीननं काढलेली आहे असं ठेकेदार शपथेवर सांगत होता. सर म्हणाले, "मशीन से पूछा होगा. पानी से नहीं पूछा."

उज्जैनच्या या इंजिनिअरिंग कॉलेजात ते सर्व्हे शिकवत. म्हणजे जमीन मोजणं, तिचा चढउतार काढणं, तो कागदावर आणणं. पूर्ण नाव थावरसिंग वसुनिया. जातीनं भिल्ल, गाव अलीराजपूरच्या पलीकडे डोंगरात. थावर म्हणजे शनिवार. शनिवारी जन्मले म्हणून घरी थावरिया. त्याचं थावरसिंग शाळेच्या मास्तरांनी रजिस्टरमध्ये आपल्या मनानं केलं, नावाला जरा वजन यावं म्हणून. सर म्हणत, सिंग लावूनही मी पाच फूट दोन इंचांचाच राहिलो. अंगानं काटक, अर्ध्या बाह्यांचा शर्ट पँटच्या बाहेर, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, चष्म्याला मागून दोरी. सकाळी साडेनऊलाही ते दिवसभर राबून आल्यासारखे खुर्चीत बसत. काय सर, कसं चाललंय, असं विचारलं की त्यांचं एकच उत्तर, "होईल, होईल." काय होईल ते सांगत नसत. मला वाटायचं, या माणसाला बोलायचाही कंटाळा आलेला आहे.

मी त्याच विभागातली मास्तरीण. गेल्या वर्षी निवृत्त झाले. आमचे पूर्वज दरबाराच्या दफ्तरात लेखणी चालवायला मालव्यात आले आणि इथलेच झाले. स्टाफरूममध्ये एकदा कुणीतरी वसुनिया सरांना विचारलं, आप बाहर के हो क्या? मग माझ्याकडे वळून म्हणाले, मॅडम तो यहीं की हैं. मीही अभिमानानं म्हटलं, हो, सात पिढ्या. सर चहा फुंकत हळूच म्हणाले, "मग आम्ही पाहुणेच असू." सगळे हसले, मीही हसले. घरी गेल्यावर ते वाक्य बराच वेळ टोचत राहिलं.

माझ्याशी ते मराठीत बोलत. फ्रीगंजच्या मागे एका मराठी कुटुंबाकडे काही वर्षं भाड्यानं राहिले होते, तिथे शिकले. त्याआधी सहा घरांनी आडनाव ऐकल्याबरोबर खोली कालच दिली असं सांगितलं होतं. सातव्या घरच्या काकूंनी आडनाव विचारलंच नाही, फक्त नळाचं पाणी सकाळी भरून ठेवाल का एवढं विचारलं. पाण्याचा विषय निघाला म्हणजे सर तिथेच राहणार हे उघड होतं. भिली आणि मराठी या मावसबहिणी आहेत, त्यांतल्या एकीचं लग्न शहरात झालं, असं ते म्हणत.

पण आमची ओळख त्याच्याही आधीची. थावरसिंग माझा विद्यार्थी होता.

मला नोकरीत दुसरंच वर्ष होतं. देवासच्या पलीकडच्या टेकड्यांत सर्व्हेचा कॅम्प लागला होता. विभागप्रमुख करंबेळकर सर, शिस्तीचे, सज्जन, खिशाला शाईचं पेन. मुलांना एक काम दिलं होतं: टेकडीच्या कुशीतून कालव्याची रेषा आखायची, उतार अगदी थोडा, पाणी वाहील पण पळणार नाही इतकाच, आणि दर वीस मीटरवर एक खुंटी ठोकायची. अशा वीस खुंट्या. प्रत्येकानं एकट्यानं करायचं. लेव्हलच्या दुर्बिणीतून आकडे घ्यायचे, ते फील्डबुकात जागेवरच लिहायचे आणि त्यावरून खुंटी कुठे येते ते ठरवायचं. बाकीच्यांना दोन दिवस लागले. थावरसिंग दुपारच्या जेवणाआधी मोकळा झाला.

करंबेळकर सरांनी त्याचं फील्डबुक चाळलं आणि पाचव्या मिनिटाला त्यांना कळलं की आकडे बनावट आहेत. मशीनची पेटी उघडलेलीच नव्हती. आमच्या धंद्यात फील्डबुकात मनचे आकडे भरणं हे महापातक. पोराला विचारलं तर तो मान खाली घालून उभा. एवढंच म्हणाला, "सर, खूँटी देख लो." सर म्हणाले की खुंट्या बघायला मी सुतार नाही, आणि लाल शाईनं शून्य दिलं. त्या प्रॅक्टिकलमध्ये नापास म्हणजे वर्ष गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे उठायच्या आत मी मशीन घेऊन त्या टेकडीवर गेले. का गेले ते आजही नीट सांगता येणार नाही. कुतूहल असेल. आकड्यांची उंच पट्टी धरायला कॅम्पच्या स्वयंपाक्याला बरोबर घेतलं आणि वीसच्या वीस खुंट्या तपासल्या. बरोबर होत्या. बोटाच्या पेराएवढाही फरक कुठे नव्हता. वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलाची रेषा इतकी साफ नव्हती. मी सगळे आकडे एका कागदावर लिहिले, कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि खाली येऊन चहा घेतला.

कुणाला काही सांगितलं नाही. नोकरी पक्की व्हायची होती, करंबेळकर सरांनीच मला निवडलेलं होतं, आणि सांगून तरी काय होणार, आकडे खोटे ते खोटेच. अशी कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. खरं कारण एकच, मला भीती वाटली.

त्यानं ती रेषा कशी आखली ते मला पुढे कळलं. त्यांच्या गावात पाट असतात. वरच्या ओढ्याचं पाणी डोंगराच्या अंगाअंगानं मैलभर फिरवत शेतापर्यंत आणायचं. खालून बघणाऱ्याला वाटतं पाणी चढावर चाललंय. त्याला मशीन नसतं. फावड्यानं हातभर चर काढायचा, त्यात लोटाभर पाणी सोडायचं, ते कसं सरकतं बघायचं आणि पुढचा हातभर ठरवायचा. थावरसिंगचे काका या कामात पंचक्रोशीत नावाजलेले होते आणि पोरगा लहानपणापासून त्यांच्यामागे लोटा घेऊन फिरलेला. त्यानं टेकडीवर तेच केलं. मग वही भरायची म्हणून आकडे मागून बसवले.

पण मशीन का लावलं नाही? तर त्याला ते लावता येत नव्हतं. दोन वर्षं प्रॅक्टिकलला चार जणांच्या गटात लोखंडी पायांचा जड स्टँड तोच उचलून नेई आणि उन्हात पट्टी धरून तोच उभा राही. दुर्बिणीला डोळा लावायचे ते बाकीचे तिघं. दोन वर्षांत एकदाही त्याची पाळी आली नव्हती. मला ते दिसत नव्हतं असं म्हणणं सोपं आहे. दिसत होतं. काटक मुलगा आहे, उचलतो, एवढंच मला वाटलं होतं.

पुढच्या वर्षी तो पुन्हा त्याच वर्गात बसला तेव्हा पहिल्या प्रॅक्टिकलला मी त्याला दुर्बिणीपाशी उभं केलं. आमच्या त्या जुन्या मशीनमध्ये सगळं उलटं दिसतं, माणूस डोक्यावर, झाड आभाळातून खाली लोंबणारं. तो किती तरी वेळ डोळा लावून उभा होता. मागची मुलं कटकट करायला लागली तरी हलला नाही. मला वाटलं, चला, आपलं फिटलं. माणूस स्वतःला किती स्वस्तात सोडतो!

पुढे तो पास झाला, कुठेकुठे नोकऱ्या केल्या, एम.ई. केलं, आणि काही वर्षांनी आमच्याच विभागात लेक्चरर होऊन आला. माझ्या समोरच्या टेबलावर बसू लागला. मी त्याला सर म्हणायला लागले. स्टाफरूममध्ये पहिल्याच आठवड्यात कुणीतरी राखीव कोट्यावरून बोललं, त्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. सरांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. असं पान ते पुढे अनेकदा उलटत.

त्यांच्या लॅबचा नियम मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेला होता: स्टँड ज्यानं उचलून आणला, दुर्बिणीत पहिली नजर त्याची. मग पट्टी धरणाऱ्याची. बाकीच्यांनी नंतर. याचा परिणाम असा झाला की ज्या शहरी मुलांनी घरी पाण्याचा ग्लाससुद्धा उचललेला नव्हता ती त्या स्टँडवरून भांडायला लागली. सर दारात उभे राहून ते भांडण समाधानानं बघत. मला एकदा म्हणाले, "मॅडम, उलटी दुनिया मी बाविसाव्या वर्षी बघितली. ह्यांनी अठराव्यात बघावी." माझ्यावर रोख नव्हता. निदान मला तसं वाटलं.

प्रवेशाच्या दिवसांत सर दोन-तीन दिवस रजा टाकत. कुठे जातात कुणाला ठाऊक नव्हतं. एकदा मी उज्जैनच्याच देवास गेटच्या बसस्टँडवर बस पकडायला गेले, तर तिथे सर उभे. झाबुआ-अलीराजपूरकडून येणारी प्रत्येक बस बघत होते. पत्र्याची पेटी घेऊन उतरणारं, भांबावलेलं पोर दिसलं की पुढे व्हायचं, भिलीत चार शब्द बोलायचं, पोहे-जलेबी खाऊ घालायची आणि हॉस्टेलला पोचवायचं. मी म्हटलं, सर, हे काम तुमचं आहे का? तर म्हणाले, मला घ्यायला कुणी आलं नव्हतं, मी दोन रात्री इथंच बाकावर झोपलो होतो. एवढं बोलून ते पुढच्या बसकडे गेले.

इतकं करूनही दिवाळीला घरी गेलेली काही मुलं परत येत नसत. इंग्रजी झेपत नाही, हॉस्टेलात कुणी बोलत नाही, घरी कामाला हात कमी. सर रविवारी बस धरून त्यांच्या गावी जात. कधी पोराला घेऊन येत, पुष्कळदा एकटेच येत. सोमवारी मी विचारायची, आलं का? तर होईल, होईल. त्या होईलमध्ये काही दम नसे.

हॉस्टेलातला एक प्रसंग सांगायलाच हवा. आमच्याकडे भिल्लाला सगळं गाव मामा म्हणतं. दुकानदार म्हणतो, बसचा कंडक्टर म्हणतो. नातं मोठं, पण या मामासाठी जागेवरून कुणी उठत नाही. एका शहरी मुलानं दुसऱ्याला "ए मामा, पानी ला" म्हटलं आणि मामानं त्याचं नाक फोडलं. शिस्त समितीनं दोघांसाठी माफीनाम्याचे छापील फॉर्म काढले. सरांनी एक तास मागून घेतला. हॉस्टेलच्या कडुलिंबाखाली सगळ्या मुलांना गोल बसवलं, मलाही बसवलं. म्हणाले, आमच्या गावात भांडण मिटवायला भांजगड बसते, तशी ही. ज्याचं चुकलं त्यानं काय केलं ते स्वतःच्या तोंडानं सगळ्यांसमोर सांगायचं. कुणी सुचवायचं नाही, कुणी घाई करायची नाही. सांगून झालं की गूळ वाटायचा, आणि गूळ खाल्ल्यावर तो विषय पुन्हा कुणी काढायचा नाही.

तासाचे अडीच तास झाले. नाकात कापूस घातलेलं पोर जमिनीवर रेघोट्या मारत बसलेलं. माझा जीव मेटाकुटीला आला. मी म्हटलं, अरे, सॉरी म्हणून टाक ना एकदाचं. सरांनी हातानं मला थांबवलं. "काढून घ्यायचं नसतं, मॅडम. आपणहून निघालं तरच गूळ वाटता येतो." शेवटी ते पोर बोललं, काय म्हटलं ते जसंच्या तसं बोललं आणि रडलं. मग दुसऱ्यानंही आपण मारल्याचं सांगितलं. सरांनी पिशवीतून गुळाची ढेप काढली. समितीला फॉर्म कोरे परत गेले, म्हणून सरांना खुलासा लिहून द्यावा लागला.

मग समावेशनाचे दिवस आले. वरून परिपत्रक आलं, आदिवासी विद्यार्थ्यांना सामावून घेण्यासाठी समिती नेमा. समिती नेमली, बैठका झाल्या, चहा झाला, फाइल जाड झाली. आणि लवकरच पाहणी पथक यायचं होतं. प्राचार्यांची कल्पना अशी की भिल्ल मुलांनी डोक्याला पिसं लावून, तीरकमान घेऊन गेटवर नाचावं. वसुनिया सर समितीत होतेच, शोभेला. त्यांनी हरकत घेतली नाही. एवढंच म्हणाले की नाचतील, पण आमच्या नाचात बघे नसतात, जो आला त्याला हात धरून ओळीत घेतात. प्राचार्यांना ती शोभेचीच गोष्ट वाटली. पथक आलं, ढोल वाजला, आणि मुलांनी खरोखरच पाहुण्यांना ओळीत ओढलं. पथकाचे प्रमुख मजेत नाचले. प्राचार्यांचा दम तिसऱ्या फेरीत गेला, त्यांना खुर्ची आणावी लागली. पिसं मात्र कुणीच लावली नव्हती.

त्याच दुपारी सरांनी पथकाच्या हातात आपला अर्ज दिला. तो अर्ज म्हणजे त्यांचं एकुलतं एक मागणं होतं. सर्व्हेच्या अभ्यासक्रमात एक प्रॅक्टिकल वाढवा, पाट आखण्याचं. मशीननं आखा, पाण्यानंही आखा, दोन्ही ताडून बघा, आणि शिकवायला गावातून जाणती माणसं बोलवा. हा अर्ज ते दरवर्षी अभ्यास मंडळाला पाठवत आणि दरवर्षी तो परत येई, कारण संदर्भग्रंथाच्या रकान्यात ते काकांचं नाव लिहीत. मंडळ विचारी, प्रकाशक कोण? आवृत्ती कितवी? सर लिहीत, एकच आवृत्ती होती, वारली. पथकप्रमुखांनी अर्ज वाचून वा म्हटलं, बॅगेत ठेवला, आणि पुढे त्याचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही.

माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष. आता मी विभागप्रमुख होते. कॅम्प देवासच्या पलीकडे त्याच टेकड्यांत, काम तेच, कालव्याची रेषा आणि वीस खुंट्या. शेवटच्या दिवशी वसुनिया सरांनी माझ्यापुढे एक लेखी तक्रार ठेवली. रमिला नावाच्या विद्यार्थिनीच्या फील्डबुकातले आकडे बनावट आहेत.

रमिला त्यांच्याच बाजूच्या एका गावची. ती सरांच्या तुकडीत नव्हती. टाइमटेबल जमेना म्हणून मीच ती तुकडी एका नव्या लेक्चररला दिली होती, आणि तिथे वर्षभर स्टँड कोण उचलत होतं ते मला न विचारताच कळलं. मला सरांचा राग आला. म्हटलं, तुम्ही? तुम्ही तक्रार केलीत?

ते नेहमीसारखे खुर्चीत बसले होते. म्हणाले, "आकडे खोटे आहेत, मॅडम. करंबेळकर सरांनी मला शून्य दिलं, ते बी बरोबरच होतं. मी कधी चूक म्हटलं? फक्त खुंट्या कुणी बघितल्या नाहीत." आणि कपात बघत राहिले.

उज्जैनला परतल्यावर चौकशी बसली. मी, परीक्षाप्रमुख आणि वसुनिया सर. परीक्षाप्रमुखांनी नियम वाचला, शून्य आणि वर्ष वाया. रमिलाला बोलावलं. मान खाली, पण आवाज साफ. म्हणाली, "लाइन सही है, मैडम. चलके देख लो." परीक्षाप्रमुख घड्याळ बघून म्हणाले की खुंट्यांचा मुद्दाच नाही, नियम वहीचा आहे, सही करून टाकू. सर ओळंब्याचा दोरा बोटाला गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते. ते बसणं मी ओळखलं. कडुलिंबाखाली ते असेच बसले होते.

मी म्हटलं, "त्याच टेकडीवर पूर्वी एका मुलानं अशीच रेषा आखली होती. त्यालाही शून्य मिळालं. त्याच्या वीस खुंट्या मी स्वतः मशीननं तपासल्या होत्या. बरोबर होत्या. मी घाबरले, कुणाला सांगितलं नाही, आणि त्याचं वर्ष गेलं. तो मुलगा म्हणजे हे वसुनिया सर."

परीक्षाप्रमुखांनी पेन खाली ठेवलं. रमिला सरांकडे बघायला लागली. सरांचा दोरा तेवढा थांबला होता.

निर्णय झाला तो असा. वहीला शून्य, ते राहील. खुंट्या तपासायच्या आणि त्यांचे गुण वेगळे द्यायचे. मशीन शिकून वहीचं काम रमिलानं पुन्हा करायचं, वर्ष जाणार नाही. परीक्षाप्रमुख म्हणाले, असं कुठल्या नियमात बसतं? मी म्हटलं, निवृत्तीला चार महिने उरलेल्या बाईच्या नियमात बसतं. आम्ही टेकडीवर गेलो. दुर्बिणीपाशी रमिलाला उभं केलं, आणि पट्टी धरायला सर स्वतः गेले. सत्तावन्न वर्षांचा माणूस उन्हात पट्टी सरळ धरून वीस जागी उभा राहिला. दोन खुंट्या गुरांनी पाडल्या होत्या. बाकीच्या बरोबर होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर कागदाची पुडी होती, आत गुळाचा खडा. तसलीच एक परीक्षाप्रमुखांच्या टेबलावर. त्यांना मधुमेह, ते पुडी उघडून सगळ्यांना विचारत होते, ये किस खुशी में? सर म्हणाले, ऐसे ही. मी खडा तोंडात टाकला आणि वह्या तपासायला घेतल्या. अक्षरं दिसत नव्हती.

त्या वर्षी अभ्यास मंडळावर मी हट्टानं जाऊन बसले आणि पाटाचं प्रॅक्टिकल मंजूर करून घेतलं. मंजूर झालं ते ऐच्छिक म्हणून, बिनमार्कांचं, आणि संदर्भग्रंथाचा रकाना त्यांनी कोराच छापला. सरांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, बिनमार्कांच्या तासाला मुलं येतील का? मग स्वतःच म्हणाले, होईल, होईल. कोऱ्या रकान्यात त्यांनी पेनानं काकांचं नाव लिहिलं आणि कागद टेबलाच्या काचेखाली सरकवला. आजही तो तिथे असेल, काच कुणी बदलली नसेल तर.

थोड्याच दिवसांत त्यांची बदली झाली. गावाजवळच्या पॉलिटेक्निकला त्यांनीच मागून घेतली होती. थकलो, म्हणाले, आता मुलांना इकडे आणण्यापेक्षा मीच तिकडे जातो. मी देवास गेटला त्यांना पोचवायला गेले. भर दुपार होती. त्यांच्या हातात एक पिशवी आणि पत्र्याची पेटी, शिकायला आले तेव्हाचीच असावी. बसमध्ये खिडकीशी बसले. मी खाली उभी राहून घरून पाठ करून आणलेलं बोलायला लागले, की मी तेव्हाच बोलायला हवं होतं, तुमचं वर्ष...

त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "गूळ खाल्ला ना, मॅडम? मग विषय काढायचा नाही."

ड्रायव्हर चढला. सरांनी बाटलीतलं पाणी प्यायलं, थोडा वेळ बाटलीकडे बघितलं, आणि आपलाच नियम मोडला.

"एकच बात सांगतो. त्या सकाळी मी वर मोहाच्या झाडाखाली बसून होतो. झोप आली नव्हती. तुम्ही वीसच्या वीस बघितल्या. शेवटची बघून कागद पर्समध्ये ठेवला."

मी विचारलं, मग इतकी वर्षं तुम्ही एका शब्दानं...

"मी म्हणत होतो ना," ते म्हणाले, "होईल, होईल."

बस हलली. त्यांनी खिडकीतून हात केला, मग पिशवी मांडीवर घेतली आणि नेहमीसारखे थकून मागे टेकले. बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच उभी होते. एकवीस वर्षं या माणसानं माझ्या समोरच्या टेबलावर बसून चहा प्यायला होता, आणि रोज सकाळी मीच त्याला विचारत होते, काय सर, कसं चाललंय.